फॉक्सग्लोव्हची लागवड: पानांच्या पहिल्या वर्षापासून फुलांच्या दुसऱ्या वर्षापर्यंत

फॉक्सग्लोव्ह लावून निराश झालेल्या बागप्रेमींची तक्रार बहुधा एकच असते: बी उगवले, रोपे जोमाने वाढली, पाने तळहाताएवढी झाली, पण फुले काही आली नाहीत. या तक्रारीत दोष सहसा मातीचाही नसतो आणि खताचाही नसतो. डिजिटॅलिस पर्प्युरिया हे शास्त्रीय नाव असलेला नेहमीचा जांभळा फॉक्सग्लोव्ह ही पश्चिम युरोपातील द्विवर्षायू वनस्पती आहे. पहिल्या वर्षी ती जमिनीलगत मऊ, लवदार पानांचा एक गोल गुच्छ तयार करते, त्या गुच्छाच्या रूपातच हिवाळा काढते, आणि थंडी ओसरल्यावर दुसऱ्या वर्षी त्याच्या मधोमध १ ते १.५ मीटर, कधीकधी २ मीटरपर्यंत उंच पुष्पदांडा काढते. बी पिकले की बहुतेक झाडे मरून जातात. हे चक्र समजून घेतले की पेरणी केव्हा करायची, खत किती द्यायचे, पाणी केव्हा आवरायचे आणि दांडा केव्हा छाटायचा या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळत जातात. माझे ठाम मत असे आहे की दुसऱ्या वर्षीचा तुरा पहिल्या वर्षीच्या पानांत ठरतो, आणि म्हणूनच या लेखात फुलांपेक्षा रोपांविषयी अधिक लिहिले आहे.

लागवडीआधी: विषारीपणाची जाणीव

फॉक्सग्लोव्हचे मूळ, पान, फूल, बी असे सर्व भाग विषारी असतात, आणि पाने वाळल्यावरही हा विषारीपणा नाहीसा होत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर थेट परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स या झाडात असतात. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या वनस्पतीच्या औषधी उपयोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९३० मध्ये डिजिटॅलिस लॅनाटा या जातभाईपासून डिगॉक्सिन हे औषध वेगळे करण्यात आले, जे हृदयरोगावर आजही दिले जाते. परंतु औषधाची मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फारच कमी असल्यामुळे घरगुती काढा, चहा किंवा लेप यांसाठी या झाडाचा उपयोग कधीही करू नये.

बागेत यातून काही नियम आपोआप ठरतात. फुले नसलेल्या पहिल्या वर्षीची पाने कॉम्फ्री आणि बोरेज या वनस्पतींच्या पानांसारखी दिसतात आणि या साधर्म्यामुळे प्रत्यक्ष विषबाधा झालेल्या आहेत, म्हणून पालेभाज्या किंवा औषधी वनस्पतींच्या वाफ्याजवळ फॉक्सग्लोव्ह लावू नये आणि रोपांवर नावाची पट्टी नेहमी ठेवावी. काम करताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि फुलदाणीतले पाणीसुद्धा मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या तोंडी लागणार नाही अशी काळजी घ्यावी. कोणी झाडाचा भाग खाल्ल्याची शंका आली, किंवा मळमळ, उलट्या, गोंधळल्यासारखे वाटणे, वस्तूंभोवती पिवळट वलये दिसणे, नाडी मंद किंवा अनियमित होणे अशी लक्षणे दिसली, तर वाट न पाहता झाडाचा नमुना बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. अगदी लहान मुले ज्या बागेत एकटी खेळतात तिथे हे झाड काही वर्षे लावूच नये, असे मला वाटते.

कोणता प्रकार निवडावा

निवड करताना रंगाच्या आधी हवामानाचा विचार करावा. साध्या जांभळ्या फॉक्सग्लोव्हला फुलण्यासाठी थंडीची गरज असते. पुरेशी पाने असलेल्या रोपाने साधारण १० अंश सेल्सिअसच्या खालचे काही आठवडे अनुभवले, तरच त्याच्यात फुलांचा दांडा तयार होतो. जिथे असा हिवाळा हमखास मिळतो तिथे जुने द्विवर्षायू प्रकार सर्वांत देखणे ठरतात. पांढऱ्या फुलांचा ‘अल्बा’, फिकट जर्दाळू रंगाचा ‘सटन्स अॅप्रिकॉट’, पांढऱ्या फुलांच्या आत गडद तपकिरी-जांभळे ठिपके असलेला ‘पॅम्स चॉइस’ आणि दांड्याच्या चहूबाजूंनी फुले येणारे ‘एक्सेलसियर’ हे त्यांपैकी काही. रानटी झाडाची फुले दांड्याच्या एकाच बाजूला खाली झुकलेली असतात. चहूबाजूंनी भरलेला तुरा प्रदर्शनात उठून दिसतो, पण झाडांच्या सावलीत ती एका बाजूला कललेली फुलेच मला अधिक शोभिवंत वाटतात.

जिथे हिवाळा सौम्य आणि उन्हाळा कडक असतो तिथे या द्विवर्षायू प्रकारांचा हट्ट धरू नये. ‘फॉक्सी’, ‘कॅमलॉट’ आणि ‘डाल्मेशियन’ या मालिका पेरणीच्या पहिल्याच वर्षी, थंडीची फारशी अपेक्षा न ठेवता, साधारण पाच महिन्यांत फुलू शकतात. वर्षातील सर्वांत आल्हाददायक महिने कोणते हे पाहून तिथून पाच महिने मागे मोजावे आणि त्या सुमारास पेरणी करावी. ती उष्ण दिवसांत येत असेल, तर रोपे सर्वांत थंड, सावलीच्या जागी वाढवावीत. तापमान सतत ३० अंशांच्या वर राहू लागले की ही झाडे मलूल होतात, म्हणून अशा ठिकाणी फॉक्सग्लोव्हला हंगामी फूलझाडच मानावे.

दरवर्षी पेरणी नको असेल, तर बहुवर्षायू जातींकडे वळावे. डिजिटॅलिस ग्रँडिफ्लोरा ही मऊ पिवळ्या फुलांची, ६० ते ९० सेंटिमीटर उंचीची जात योग्य जागी अनेक वर्षे टिकते. डिजिटॅलिस ल्युटिया ही लहान फिकट पिवळ्या फुलांची जात चुनखडीची जमीनही चालवून घेते. गंजासारख्या तांबूस फुलांची डिजिटॅलिस फेरुजिनिया तुलनेने कोरडी आणि जास्त उन्हाची जागा सहन करते, पण तिचे आयुष्य थोडकेच असते. जांभळ्या आणि पिवळ्या जातींच्या संकरातून १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेली डिजिटॅलिस मर्टोनेन्सिस विशेष उल्लेखनीय आहे. तिची फुले पिकलेल्या स्ट्रॉबेरीच्या रंगाची असतात आणि संकरित असूनही तिच्या बियांपासून तशीच झाडे येतात. दर दोन-तीन वर्षांनी फुले संपल्यावर तिचे गड्डे वेगळे करून लावले तर ती टिकून राहते.

जागा आणि माती

फॉक्सग्लोव्ह मूळचा जंगलाच्या कडेचा, झाडे पडून मोकळ्या झालेल्या जागांचा आणि उकरलेल्या बांधांचा रहिवासी आहे. त्यामुळे त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली, किंवा मोठ्या झाडांखालची गाळून आलेली उन्हे सर्वांत मानवतात. थंड प्रदेशात तो पूर्ण उन्हातही चांगला वाढतो, मात्र मातीत ओलावा टिकून असला पाहिजे. गडद सावलीत झाड जगते, पण दांडे बारीक होतात आणि प्रकाशाकडे कलतात. जोराच्या वाऱ्याची जागा टाळावी.

माती भुसभुशीत, सेंद्रिय अंश भरपूर असलेली, ओल धरणारी आणि तरीही निचरा होणारी असावी. जांभळ्या फॉक्सग्लोव्हला किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण ५.५ ते ६.५ सामू असलेली माती आवडते. वाफ्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचे पसरून वरच्या २० सेंटिमीटर मातीत मिसळावे. जड चिकण मातीत त्याच्या जोडीला जाडसर वाळू किंवा बारीक खडी घालून वाफा थोडा उंच करावा, कारण हिवाळ्यात मुळांशी पाणी साचणे ही या झाडाला थंडीपेक्षा अधिक मारक ठरणारी गोष्ट आहे. नत्रयुक्त रासायनिक खत मुद्दाम घालू नये, कारण त्याने पाने अवाढव्य होतात, दांडे पोकळ आणि नाजूक राहतात आणि मावा आकर्षित होतो.

पेरणी

फॉक्सग्लोव्हचे बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया भरतात. या बियांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो, आणि बहुतेकांची पहिली पेरणी इथेच फसते. बी पेरले की ते मातीने झाकावे ही आपली सवय असते, पण फॉक्सग्लोव्हचे बी झाकायचे नसते. सुरुवातीला मीही बियांवर मातीचा पातळ थर देत असे आणि उगवण जेमतेम होत असे. ती सवय सोडल्यावर त्याच जातीचे बी गालिच्यासारखे उगवून आले.

द्विवर्षायू प्रकारांची पेरणी वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत करावी, म्हणजे हिवाळा येईपर्यंत रोपाला आठ-दहा मोठी पाने फुटतात. रोप फारच लहान असेल, तर थंडी मिळूनही त्याला ती ओळखता येत नाही, ते दुसऱ्या वर्षीही पानांतच राहते आणि फुले आणखी एक वर्ष लांबतात. उशिरा पेरणी हे फुले न येण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.

पेरणीसाठी उथळ ट्रे घ्यावा. चाळलेले कोकोपीट किंवा बारीक पालापाचोळ्याचे खत तीन भाग आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा बारीक धुतलेली वाळू एक भाग असे मिश्रण ट्रेमध्ये भरून, सपाट करून, हलके दाबावे. पाणी पेरणीच्या आधीच द्यावे आणि ट्रे निथळू द्यावा, कारण नंतर झारीने पाणी घातल्यास बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत मिसळून ती वाळू मिठासारखी भुरभुरावी, म्हणजे पेरणी सारखी होते आणि कुठे पेरले हेही दिसते. पेरल्यावर सपाट लाकडी तुकड्याने बी मातीला फक्त टेकेल इतपत दाबावे. ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक ठेवावे आणि तो १५ ते २० अंश तापमानाच्या, उजेडाच्या पण थेट उन्हाच्या नसलेल्या जागी ठेवावा. ओल कमी झाल्यास ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्यावे. दोन ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. त्याच दिवसापासून झाकण थोडे उघडावे आणि चार-पाच दिवसांत पूर्ण काढावे, कारण कोंदट हवेत बुरशीमुळे रोपे एका रात्रीत कोलमडतात.

रोपांची पुनर्लागवड आणि पानांचे वर्ष

खरी पाने दोन-तीन आली की रोपे एकेक करून ७ ते ९ सेंटिमीटरच्या कुंड्यांत हलवावीत. रोप नेहमी पानाला धरून उचलावे, खोडाला धरू नये, कारण पान गेले तर दुसरे येते, पण चिरडलेले खोड रोपालाच घेऊन जाते. गुच्छाचा मध्यबिंदू मातीच्या पातळीवरच राहील असे लावावे. तो गाडला गेला की कुजू लागतो.

पांढऱ्या फुलांची झाडे हवी असतील, तर याच टप्प्यावर पानांचे देठ आणि मधली शीर बारकाईने पाहावी. ज्या रोपांच्या देठांवर जांभळट झाक दिसते त्यांना बहुधा जांभळी फुले येतात, आणि स्वच्छ हिरव्या देठांची रोपे पांढरी निघण्याची शक्यता मोठी असते. फुलाची वाट न पाहता रंगाचा असा अंदाज बांधता येतो.

कुंडीच्या तळातून मुळे डोकावू लागली की रोपे आठवडाभर हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करून कायमच्या जागी लावावीत. हे काम शरद ऋतूच्या सुरुवातीला, माती अजून उबदार असताना उरकावे. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दाट लावलेल्या गुच्छांत हवा खेळत नाही आणि पानांवर रोग लवकर येतात. पाच-सात रोपांचा अनियमित पुंजका करणे रांगेत लावण्यापेक्षा अधिक चांगले दिसते. कुंडीतच वाढवायचे असेल, तर किमान ३० सेंटिमीटर खोल कुंडीत एकच रोप लावावे.

पानांच्या या वर्षात बागेतली दुसरी झाडे फुललेली असतात आणि फॉक्सग्लोव्हकडे लक्ष जात नाही. परंतु नेमक्या याच काळात मुळांत साठा तयार होत असतो. रोपे रुजेपर्यंत माती सतत ओलसर ठेवावी, नंतर वरची २ ते ३ सेंटिमीटर माती सुकली की बुंध्याशी पाणी द्यावे. पानांवर, विशेषतः संध्याकाळी, पाणी ओतू नये. पालापाचोळ्याचे ५ सेंटिमीटर आच्छादन द्यावे, पण गुच्छाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. हिवाळ्यात बाहेरची पाने पिवळी पडून लोळतात, तेव्हा रोप मेले असे समजून उपटू नये. मधले कोवळे पान हिरवे आणि घट्ट असेल, तर झाड सुखरूप आहे. सडलेली पाने मात्र काढून टाकावीत, कारण त्यांखाली गोगलगायी दडून बसतात.

दांडा निघाल्यानंतर

थंडी ओसरताच गुच्छाच्या मध्यभागी पाने दाट होतात आणि दांडा वर येऊ लागतो. त्या वेळी कुजलेल्या कंपोस्टचा एक पातळ थर बुंध्याभोवती द्यावा. याहून अधिक खताची गरज नसते. पाण्यात मात्र आता हयगय करू नये, कारण दांडा वाढत असताना माती कोरडी पडली तर तुरा आखूड राहतो आणि वरच्या कळ्या न उमलताच सुकतात. वाऱ्याच्या जागी दांडा ४०-५० सेंटिमीटरचा असतानाच शेजारी काठी रोवून मऊ सुतळीने सैल बांधावे. दांडा आडवा होऊन गेल्यावर बांधले, तर टोक वर वळलेलेच राहते, कारण फॉक्सग्लोव्हचा कोवळा शेंडा काही तासांतच प्रकाशाच्या आणि उभ्या दिशेला वळतो.

फुले खालून वर उमलत जातात आणि हा क्रम परागीभवनाशी बेमालूम जुळलेला असतो. प्रत्येक फुलात आधी पुंकेसर पिकतात आणि नंतर स्त्रीकेसर, त्यामुळे कोणत्याही दिवशी तुऱ्यावरची खालची फुले मादी अवस्थेत आणि वरची फुले नर अवस्थेत असतात. लांब जिभेच्या बंबलबी (जाड, केसाळ मधमाश्या) खालच्या, मकरंदाने अधिक भरलेल्या फुलांपासून सुरुवात करतात, वर चढत जातात आणि वरच्या फुलांतले पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या खालच्या फुलांकडे जातात. या दिवसांत झाडावर कोणतेही कीटकनाशक फवारू नये.

कीड आणि रोग

ससे आणि हरणे या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, मात्र गोगलगायी कोवळ्या रोपांचा फडशा पाडतात. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचणे हाच मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. मावा दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. पानांवर पिठासारखी पांढरी भुरी आली, तर ती बहुधा कोरडी मुळे आणि कोंदट हवा यांची खूण असते. तपकिरी ठिपके पडलेली पाने काढून नष्ट करावीत आणि त्या जागी पुढच्या वर्षी फॉक्सग्लोव्ह लावू नये. गुच्छ बुंध्यापासून सहज निखळून हातात आला, तर ती बुंधा कुजल्याची खूण आहे. अशा रोपावर इलाज नसतो, ते मुळासकट काढावे आणि निचरा सुधारावा.

छाटणी, बी आणि पुढची पिढी

फुलदाणीसाठी दांडा कापायचा असेल, तर खालची एक तृतीयांश फुले उमललेली असताना सकाळी लवकर कापावा आणि लगेच खोल पाण्यात उभा ठेवावा. झाडावर ठेवलेल्या मुख्य दांड्यावरची बहुतेक फुले गळली की तो बाजूच्या फुटव्यांच्या वर छाटावा, म्हणजे लहान दांडे येऊन बहर आणखी काही आठवडे चालू राहतो. बी धरू न दिल्यास काही झाडे तिसऱ्या वर्षीही फुलतात, पण त्या तुऱ्यांत पहिला जोम नसतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

बी हवे असेल तर सर्वांत धष्टपुष्ट झाडाचा एकच दांडा राखावा. एका झाडापासून मिळणारे बी कोणत्याही बागेला पुरून उरते. एफ-१ संकरित (दोन निवडक वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या) मालिकांचे बी धरण्यात अर्थ नाही, कारण त्यांची पुढची पिढी तशीच येत नाही, आणि पांढरी जात शुद्ध राखायची असेल, तर आसपासची जांभळी झाडे पहिले फूल उमलण्याआधीच काढावी लागतात. बोंडे तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागली की कोरड्या दिवशी दांड्यावर कागदी पिशवी चढवून तो कापावा आणि पिशवीतच उलटा टांगून ठेवावा. आठवड्याभरात बी खाली गळते. ते चाळून, कागदी पाकिटात भरून, जात आणि वर्ष लिहून थंड, कोरड्या आणि मुलांच्या हाताबाहेरच्या जागी ठेवावे.

बी झाडावरच पडू दिले, तर मोकळ्या, ओलसर मातीत पुढच्या वर्षी आपोआप रोपे उगवतात. युरोपाबाहेर न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा अशा ठिकाणी हे झाड बागांतून निसटून रानात पसरले आहे, तेव्हा नैसर्गिक जंगलाच्या किंवा ओढ्याच्या शेजारी बाग असेल, तर बोंडे पिकण्याआधीच सर्व दांडे कापावेत. इतरत्र आपोआप आलेली रोपे विरळ करून ४५ सेंटिमीटरवर एक ठेवावे. एकाच वर्षी पेरणी केली तर बाग एका वर्षाआड फुलते, म्हणून सुरुवातीची सलग दोन वर्षे पेरणी करावी. त्यानंतर एका वाफ्यात दांडे फुललेले असताना दुसऱ्यात पुढच्या वर्षीचे गुच्छ तयार होत राहतात, आणि पाकिटातले बी एखाद्या वाईट हिवाळ्यानंतर पडलेल्या रिकाम्या जागा भरण्यापुरतेच वापरावे लागते.